चुन्याखाली गेलेले नंबर

१४ जुलै ९७, सोमवार

पुन्हा खणलं. होळीच्या आधी पाण्याच्या पाइपवाल्यांनी खणलं, बुजवलं. मग गटारवाल्यांनी तीच जागा उकरली आणि पाइप फोडला. मग रस्तेवाले येऊन वरून खडी ओतून गेले, गटाराचं झाकण खडीखाली. आज ते झाकण शोधायला आणखी कोणी नवेच. माझा ओटा तोडला. ओटा दरवेळी माझाच सापडतो ह्यांना. म्हटलं, बाबांनो, एकदाच काय ते खणा ना सगळे मिळून. मुकादम म्हणतो, "मासी, ए अमारु खातु नथी." खातं त्याचं नाही. कुदळ मात्र त्याचीच.

दारात फळी टाकली आहे. प्रकाश रात्रपाळी करून लूमवरून आला, फळी चुकली, गुडघ्यापर्यंत चिखलात. हसत सुटला. मला हसू आलं नाही. खरं म्हणजे रागही आला नव्हता. ओरडायचं असतं म्हणून ओरडले.

पुढं प्रकाशला प्र. लिहीन. चौथी शिकलेला हात आहे, लवकर दुखतो.


१७ जुलै, गुरुवार

कचेरीत मीटिंग. अकरा कप, दोन बिनसाखरेचे.

उन्हाळ्यापासून मी इथं चहा-झाडूला आहे. बंद पडलेल्या शाळेचा वर्ग. बाकं काढली, फळा राहिला. मोठ्या साहेबाने ही कचेरी काढली म्हणे, की सगळी खाती एकमेकांच्या कामावर कुदळ मारत फिरतात, त्यांना एका मेजाला बसवा. बसवायचं काम हेमाबेनकडं. इंजिनेर आहे, पस्तिशीची. फळ्यावर तीन रकाने. काम. कोण. तारीख. तिसऱ्याला सगळे भितात. गटारवाला साहेब हत्तीएवढा, तोंड भरून म्हणतो, "थई जशे, बेन." होईल म्हणे. बेन खडू घेऊन उभी. "कई तारीखे?" हत्ती खाली बघतो.

संध्याकाळी भास्कर आला, माझा धाकटा दीर, शेजारच्याच खोलीत राहतो. "वैनी, तुमनी कचेरी करस तरी काय?"

म्हटलं, स्वतः काही करत नाही. दुसऱ्यांकडून करून घेते.

"म्हंजे सासू."

"सासूच. पण चूल नसलेली. सुना आपापल्या चुलीवर. हिनं फक्त विचारायचं, भात कधी होईल."

"मंग सुना आयकतस का?"

"ज्या येतात त्या ऐकतात."


२३ जुलै, बुधवार

प्र. रोज एकच विचारतो. आई, दुसरी फेरी कधी?

खाडीकाठचा नाला रुंद करायचा आहे, आमची ओळ त्यात आधी जाते, समोरची मागून. होळीपासून माहीत आहे. तेव्हाच घरं मोजणारे येऊन दारापाशी गेरूने नंबर टाकून गेले. पहिल्या फेरीत नुसता नंबर. दुसऱ्या फेरीत नंबर बघून घरमालकाचं नाव लिहिणार. ज्याचं नाव लागलं त्याला पलीकडं पक्की खोली, संडास आत. ज्याचं नाही त्याला काही नाही. माझा नंबर २३.

प्र.ला खोली पाहिजे. लग्नाचं वय झालं आहे आणि दारात फळी टाकलेल्या घरात पोरगी कोण देणार. मला पाहिजे का? माहीत नाही. हे पत्रे ह्यांनी स्वतः चढून घातले होते. परसाल आखाजीच्या सणाआधी हे गेले. तेव्हापासून पत्र्याखाली बसते, उठते, एवढंच.


२७ जुलै, रविवार

चुना दिला. कानबाई, आमची श्रावणातली देवी, दोन आठवड्यांवर. परसाल सुतकात बसली नाही, त्यामुळे भिंतींवर दोन वर्षांची काजळी. देव माझ्याकडं, मोठी सून मी. पहिला ब्रश माझ्या भिंतीला लागतो, मग ओळ सुरू होते. आमची अकरा घरं, सगळी खानदेशची. दुपारपर्यंत ओळ पांढरी. समोरच्या ओळीत उत्तरेकडचे लोक, ते खाटा टाकून बघत होते. एकजण म्हणाला, "क्या मौसी, शादी है?" म्हटलं, हो, तुझी.

दारापाशी दोनदा हात मारावा लागला. लाल वर येत होतं.

प्र. म्हणाला, छान दिसतंय. दिसत असेल.


३१ जुलै, गुरुवार

फळ्यावर आमची ओळ आली. गुजराती अक्षरं आता वाचता येतात. काम: खाडीकाठची ओळ पाडणे. कोण: गटारखातं. तारीख: १ सप्टेंबर.

वाचलं. कप मांडले. साखर कोणाला कमी, कोणाला जास्त ते बरोबर लक्षात राहिलं.

घरं मोजणारं खातं वेगळं. ते मीटिंगला येत नाही. बेन दर गुरुवारी त्यांची खुर्ची मांडायला लावते, मी मांडते, दर गुरुवारी ती रिकामी उचलून ठेवते.


५ ऑगस्ट, मंगळवार

फेरी येऊन गेली. मी कचेरीत. प्र. झोपलेला, आवाजाने उठला. दोघेजण होते म्हणाला. समोरच्या ओळीची नावं लिहिली, आमच्या ओळीतून सरळ चालत गेले. प्र. मागं धावला. अमारु?

"नंबर क्यां छे?"

प्र.ने भिंत दाखवली. पांढरी. दुसरा म्हणे, "नवुं बांधेलुं लागे छे." नवीन बांधलंय म्हणे! पांढरंशुभ्र ना. खोली मिळेल म्हणून रातोरात बांधलेली घरं समजले. प्र. म्हणाला, चुना दिलाय हो, देवीसाठी. तोवर ते पुढच्या गल्लीत.

मी आले तर प्र. फळीवर बसलेला. कामाला गेला नाही. सगळं सांगितलं आणि म्हणाला, "आई, तुझ्या लक्षात नाही आलं?"

नाही आलं. लाल वर येत होतं आणि मी दोनदा हात मारला.


६ ऑगस्ट, बुधवार

ओळीतल्या बाया दारात. मंगल पुढं, माझी धाकटी जाऊ, भास्करची. "बाई, तुम्हीनच पयले चुना मारा ना! तठे कचेरीमा बसतस अन् सांगता नही वनं?"

म्हटलं, मी तिथं चहा करते. चहाच्या पातेल्यात नंबर दिसत नाहीत.

बोलले आणि जीभ चावावी असं काही झालं नाही. त्या बिचाऱ्या रडत होत्या. मी उभी.

मग करवंटी घेतली आणि दारापासचा चुना खरवडायला लागले. चुना निघाला, त्याच्याबरोबर खालची माती पण. बोटांना लाल भुकटी. आकडा दोन होता की तीन, काही कळत नाही. मंगलने हात धरला. "ऱ्हाऊ द्या बाई, भित पडी जाई."

कोणीतरी म्हणालं आपणच गेरूने पुन्हा लिहू. भास्कर म्हणाला, लिहा. मग तुरुंगात पण रांगेनेच जाऊ, वीस, एकवीस, बावीस.

सगळ्या हसल्या. रडता रडता.


७ ऑगस्ट, गुरुवार

मीटिंग संपल्यावर बेनला सांगितलं. कप हातातच.

तिला आधी समजेना. "पण मासी, भींत पर लखेलुं कोई भूंसे?" भिंतीवर सरकारने लिहिलेलं कोणी पुसतं का.

म्हटलं, तुमच्यात दिवाळीला घर रंगवत नाहीत?

"रंगीए ने."

"मग. आमची दिवाळी श्रावणात."

फळ्याकडं वळली. मग म्हणाली, ते खातं माझ्याकडं नाही. मी विचारू शकते, कागद पाठवू शकते, फळ्यावर लिहू शकते. हुकूम मोठ्या साहेबाचा, आणि साहेब गांधीनगरला.

"आणि पाडायचं?"

"ए तो मारा बोर्ड पर छे."

म्हटलं, म्हणजे पाडायची तारीख आहे, द्यायची नाही.

तिने खडू उचलला, परत ठेवला. वाईट वाटलं तिला. तिला वाटलेलं मला दिसलं. मला काय वाटायला पाहिजे ते


९ ऑगस्ट, शनिवार

परवा लिहिता लिहिता झोप लागली वाटतं.

आज रोटांचे, कानबाईच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजले. घरातल्या भाऊबंद पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ. मूठ मोठ्या सुनेची. प्रकाशच्या नावाने. भास्करच्या. भास्करच्या दोन्ही पोरांच्या. मंगल नाव घेत होती, मी टाकत होते.

ह्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, लग्नापासून. ह्यांची मूठ सगळ्यात आधी, न बोलता टाकायची, हाताला सवय. आज हात आधीच जाऊन आला होता. मंगलने पाहिलं. म्हणाली, "बाई, एक मूठ जास्त पडी गयी."

म्हटलं, पडू दे.

परत काढायची नसते टाकलेली. जात्यात गेली.


१० ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. तांब्यावर पिढीजात नारळ, डोळे, नथ. केळीचे खांब भास्करने डिंडोलीकडून आणले. पूजेला भास्कर-मंगल जोडीने बसले, मी मागं भिंतीला टेकून. पाठीला चुना लागला.

बाया फुगड्या खेळल्या. ओळीत खड्डे, तरी खेळल्या. एक म्हातारी म्हणाली, पुढच्या साली माय कोठे बसाडशू? कुठं बसवायची. बाकीच्या गाणं जोरात म्हणायला लागल्या.


११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी तापीवर नेली. गावाकडं होती तीच तापी, इथं येऊन रुंद झालेली. नारळ पाण्यात बुडवून परत आणला, फडक्यात बांधून वर ठेवला.

दुपारी हेमाबेन आली. एकटी, चालत, सँडल हातात. फळीवरून आली. वाटलं नव्हतं येईल असं.

भिंत पाहिली, खरवडलेली जागा पाहिली. मग अख्खी ओळ इकडून तिकडं चालली, मग समोरची. त्या लोकांना दारावरचे नंबर विचारत होती. परत आली तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी होतं. "मासी, सामे छेल्लो ओगणीस छे. तमारी लाइन पूरी थाय पछी सीधो एकत्रीस." समोरच्या ओळीत शेवटचा १९. आमची ओळ संपली की पुढं एकदम ३१. मधले गेले कुठं? कोणीतरी टाकले होते म्हणूनच पुढचा ३१ आला ना.

प्र. खाटेवरून ताडकन उठला. म्हणाला हे तर आपल्याला पण दिसायला पाहिजे होतं. हो. दिसायला पाहिजे होतं. रोज त्या ३१ वरून नळाला जाते मी.

रोटांचा वास घरभर. बेनने तिकडं पाहिलं. जेवली नव्हती, कळत होतं. म्हटलं, बेन, हे तुम्हाला देता येत नाही. हे ज्यांच्या नावाची मूठ पडली त्यांच्याच घरात खायचं. बाहेर जात नाही.

हसली. "तमारी देवीनुं पण लिस्ट होय?"

"असतं. पण ती भिंत बघून नाव घेत नाही."

चहा दिला. पहिल्यांदा माझ्या घरात बसून प्यायली. कचेरीत बिनसाखरेचा घेते, इथं दिला तसा घेतला.


१४ ऑगस्ट, गुरुवार

फळ्यावर बेनने नवी ओळ लिहिली. २० ते ३०, नावं लावणे. कोण: मोजणीखातं. तारखेचा रकाना मोकळा. त्याच्या बरोबर वर, एक सप्टेंबर, पाडणे.

मोजणीखात्याची खुर्ची रिकामी. बेनने गटारवाल्या हत्तीला विचारलं, त्यांचं होईपर्यंत तुम्ही थांबाल? तो म्हणाला, मला तारीख तुम्हीच दिली, बेन. आता मी थांबलो तर उशीर माझ्या नावावर लागेल. तुमच्याच फळ्यावर.

खोटं नाही बोलला. पहिल्यांदा ह्या लोकांना तारखा पाळायला शिकवलं आणि पहिली तारीख आमची.

बेनने साहेबाला कागद पाठवला. तो कधी वाचणार, ह्याला तारीख नाही.


१८ ऑगस्ट, सोमवार

पौर्णिमा. रोट आज संपायलाच पाहिजेत. प्र.ने दोन खाल्ले, रात्रपाळीला गेला. दुपारी भास्करकडच्यांनी आपले संपवले. एक उरला. जास्तीच्या मुठीचा.

बसून खाल्ला. कोरडा. मीठ लागलं नाही. पाणी पिऊन हात ताटातच धुतला, ते पाणी पण प्यायले, सांडायचं नसतं.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. उजव्या कोपऱ्यातला पत्रा ह्यांनी उलटा घातला होता, तो वेगळा वाजतो. पाडतील तेव्हा कोण बघणार कुठला उलटा.

झालं.


२० ऑगस्ट, बुधवार

मंगलने भांडी बांधायला काढली. भास्कर ओरडला, आत्तापासून? ती म्हणाली, मंग काय मशीन येई तवय बांधू? दोघं दोन तास बोलले नाहीत. मग तिनेच चहा नेऊन दिला.

प्र.ने एका लूमच्या शेठकडं खोली बघितली. आठजण, पाळीने झोपायचं. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याने त्याच गोधडीवर. "तुझं काय?" म्हणाला. म्हटलं माझं काय. मी कोणत्या पाळीत बसते?

बेन म्हणाली उद्या मोजणीखात्याचा माणूस येणार. साहेबाचा फोन आला त्यांना.


२१ ऑगस्ट, गुरुवार

आला. टेरिकॉटचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी खुर्ची मांडली, ह्यावेळी उचलायला लागली नाही.

बेनने नीट सांगितलं. १९, मग ३१. तो मान हलवत होता. म्हणाला, लिहिणाऱ्याकडून नंबर सुटले असतील. बेन म्हणाली, सलग अकरा? आणि तिथं अकराच घरं? तो म्हणाला, तपास करावा लागेल. बेन म्हणाली, माझ्याबरोबर चला, आत्ता. तो म्हणाला, पाऊस आहे. मग म्हणाला, "थई जशे, बेन. थई जशे."

बेन खडू घेऊन उभी राहिली, पण तोंड उघडायच्या आत हत्तीने दुसऱ्याच पाइपाचं काढलं आणि सगळे त्या पाइपात शिरले. मी ट्रे घेऊन त्या माणसाच्या बाजूला. त्याने कपाकडं हात केला.

म्हटलं, "कई तारीखे?"

तो माझ्याकडं, मग बेनकडं बघतो. हसला. "मासी, चा आपो ने."

"कई तारीखे?"

कप दिला नाही. कोणालाच नाही. ट्रे तसाच उचलून मागं नेला आणि चहा मोरीत ओतला, अकराच्या अकरा.

हत्ती म्हणाला, "बेन, आ तमारी पटावाळी छे?" ही तुमची शिपाईण आहे का. बेन म्हणाली, "एमनो नंबर त्रेवीस छे."

त्यानंतर त्या माणसाने एवढंच सांगितलं, बघतो. बघतो ही तारीख नाही. बेन खाली मान घालून लिहीत राहिली.

सगळे गेल्यावर मी खडू घेतला. बेन कागद आवरत होती, थांबली, अडवलं नाही. मोकळ्या रकान्यात माझ्या मराठी अक्षरात लिहिलं. इथं पण लिहून ठेवते, फळा कोणी पुसला तर. आमच्यासारखं कोणी पुसेल, चांगल्या मनाने.

गुरुवार, २८ ऑगस्ट. अकरा घरांची नावं लावणार की नाही. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण त्या खुर्चीत बसून, तोंडाने, २८ तारखेला. तोपर्यंत ह्या कचेरीत चहाचा स्टो पेटणार नाही.